फरकाचे वीजबिल हातात आले: लहान उद्योगाने काय, कोणत्या क्रमाने करावे

पीठगिरणी, वेल्डिंगचे वर्कशॉप, बेकरी, पाच-सहा मागांचा शेड. अशा ठिकाणी एखाद्या महिन्यात नेहमीच्या बिलाऐवजी लाख-दीड लाखाचे फरकाचे बिल येते, म्हणजे मागच्या काळात आकारणी कमी झाली असे सांगून काढलेले बिल. मग पहिल्या आठवड्यात साधारण तीन गोष्टी होतात: ओळखीच्या वायरमनला फोन, नगरसेवकाकडे एक खेप आणि बिल भरणे बंद. पहिल्या दोन गोष्टींत फक्त वेळ जातो. तिसरी अंगाशी येते.

असे वाद ग्राहक बहुतेक वेळा मुद्दा चुकीचा म्हणून हरत नाहीत. ते चुकीच्या दारात जातात, मुदत घालवतात किंवा नको त्या कागदावर सही करून बसतात. म्हणून इथे क्रमावर भर दिला आहे. हे सगळे महाराष्ट्रातल्या लघुदाब व्यावसायिक आणि औद्योगिक जोडण्यांसाठी आहे. पुरवठादार महावितरण असो, बेस्ट, टाटा पॉवर की अदानी, रचना तीच. पायाभूत कायदा विद्युत अधिनियम, २००३.

## टप्पा १: कागद कोणत्या कलमाखालचा आहे ते आधी ओळखा

आकड्याकडे नंतर बघा. आधी बिल, नोटीस आणि सोबतचे पत्र यांत कलम शोधा. पुढचा सगळा रस्ता त्यावर ठरतो.

साधा बिलाचा वाद. कलम १२६ किंवा १३५ चा उल्लेख नाही. मीटर मंद होता, गुणक (रीडिंगला ज्या आकड्याने गुणून युनिट काढतात तो) चुकला, दरवर्ग (घरगुती, व्यावसायिक, औद्योगिक असा दराचा वर्ग) बदलला, सरासरी बिले लागली, रीडिंग चुकले, अशी कारणे दिलेली असतात. याचा रस्ता कंपनीकडे तक्रार, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, मग विद्युत लोकपाल. या लेखाचा मोठा भाग याच रस्त्याचा आहे.

कलम १२६, अनधिकृत वापर. घरगुती जोडणीवर दुकान चालवले, मंजूर जागेबाहेर वीज नेली, दिलेल्या हेतूपेक्षा वेगळ्या कामाला वापरली, असा आरोप असतो. आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. इथे मंच तुमचे प्रकरण घेणार नाही.

कलम १३५, वीजचोरी. हा फौजदारी मामला आहे आणि तो विशेष न्यायालयात चालतो. फक्त या प्रकारात पहिल्या दिवशीच वकील गाठा आणि त्याला विचारल्याशिवाय काहीही लिहून देऊ नका. तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवण्याची सोय कलम १५२ मध्ये आहे, पण ती एकदाच मिळते.

> सावध: जिल्हा ग्राहक आयोगात धाव घेणे ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. कलम १२६ च्या आकारणीविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अनिस अहमद प्रकरणात स्पष्ट केले आहे. शिवाय व्यापारी कारणासाठी वीज घेणारा ग्राहक संरक्षण कायद्यातला 'ग्राहक' आहे का, यावरच पहिले सहा महिने झटापट होते. विद्युत अधिनियमात ही अडचण नाही. वीज घेणारा प्रत्येक जण तिथे ग्राहक आहे, कारखानदारसुद्धा.

पत्रात कलमच नसेल तर दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या उपविभाग कार्यालयाला एका ओळीचे पत्र द्या: "सदर रक्कम कोणत्या कलमाखाली व कोणत्या विनियमाच्या आधारे मागितली आहे ते लेखी कळवावे." उत्तर आले तर रस्ता कळतो. नाही आले तर ते मौन पुढे मंचासमोर दाखवता येते.

### कलम १२६ चा कागद असेल तर

इथे घड्याळ वेगाने चालते, म्हणून हे आधीच उरकतो.

१. पहिला येतो तो तात्पुरता आकारणी आदेश. त्यावर आक्षेप घेण्याचा आणि सुनावणीचा तुम्हाला हक्क आहे. नोटिशीत मुदत दिली असेल तर ती पाळा, नसेल तर सात दिवसांच्या आत लेखी आक्षेप द्या. आकारणी मान्य करून पैसे भरायलाही सातच दिवस असतात. त्या काळात "भरून टाका, पुढे बघू" असा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नका.

२. आक्षेपात काळावर बोट ठेवा. अनधिकृत वापर जितका काळ झाला तितक्याच काळाची आकारणी करायची असते. तो काळ ठरवता येत नसेल तरच तपासणीआधीचे १२ महिने धरतात. दुकान चार महिन्यांपूर्वी सुरू झाले असेल तर भाडेकरार, गुमास्ता परवाना आणि जीएसटी नोंदणीची तारीख जोडा. बारा महिन्यांचे चार होतात.

३. तात्पुरता आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अंतिम आदेश व्हायला हवा. त्याविरुद्ध अपील कलम १२७ खाली विद्युत निरीक्षकाकडे, ३० दिवसांत, आकारलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम भरून. संमतीने झालेल्या अंतिम आदेशावर अपील नाही.

४. रक्कम थकवली तर ३० दिवसांनंतर वार्षिक १६ टक्के व्याज लागते, तेही सहामाही चक्रवाढीने.

## टप्पा २: मीटर हलण्याआधी पुरावा बांधा

फरकाच्या बिलाची सुरुवात बहुधा भरारी पथकाच्या किंवा मीटर तपासणी पथकाच्या भेटीत होते. त्या अर्ध्या तासात जे लिहिले जाते त्यावर पुढची दोन वर्षे वाद चालतो.

१. स्थळ पाहणी अहवाल वाचल्याशिवाय सही करू नका. मालक जागेवर नसेल तर कामगाराने सही करू नये, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. सही करावीच लागली तर वर लिहा: "अहवाल मिळाला. मजकूर मान्य नाही." तेवढ्याने सही ही कबुली ठरत नाही.

२. अहवालाची प्रत तिथेच मागा. नाही दिली तर मोबाइलवर फोटो काढा.

३. मीटरचे फोटो काढा: क्रमांक, चालू रीडिंग, सीलची स्थिती, टर्मिनल कव्हर, सीटी (मोठ्या भाराचा प्रवाह मीटरसाठी कमी करून देणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर त्यावरची पाटी. फोटोत तारीख दिसू द्या.

४. मीटर काढून नेत असतील तर तो तुमच्यासमोर पाकिटात सील व्हावा, पाकिटावर दोघांच्या सह्या असाव्यात आणि चाचणीच्या दिवशी तुम्हाला बोलवावे, हे त्याच अहवालावर लिहा. जुना मीटर 'प्रयोगशाळेत पाठवला' म्हणून सांगतात आणि अहवाल येतो तेव्हा कोणता मीटर तपासला हेच कळत नाही, अशी प्रकरणे कमी नाहीत.

त्यानंतर कागद गोळा करा. उपविभागाकडे अर्ज देऊन पुढील गोष्टी मागा:

- ग्राहकाचा वैयक्तिक खातेउतारा, म्हणजे ज्याला कार्यालयात सगळे सीपीएल म्हणतात, किमान तीन वर्षांचा
- मीटरचा एमआरआय डेटा, म्हणजे मीटरमध्येच साठलेल्या आणि यंत्राने उतरवून घेतलेल्या नोंदी, विशेषतः टॅम्पर नोंदी (छेडछाड किंवा बिघाडाच्या)
- मीटर चाचणी अहवाल
- स्थळ पाहणी अहवालाची साक्षांकित प्रत
- फरकाच्या रकमेचा महिनावार हिशेब
- जोडणीचा मूळ मंजुरी आदेश आणि मंजूर भार

महावितरण आणि बेस्टकडे हेच माहिती अधिकारात दहा रुपये भरूनही मागता येते. त्याला ३० दिवस लागतात, म्हणून साधा अर्ज आणि माहिती अधिकार दोन्ही एकाच दिवशी टाका.

> तपासा: प्रत्येक अर्जाच्या तुमच्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख आहे का? शिक्का देत नसतील तर तोच अर्ज त्याच दिवशी ईमेलने आणि पोचपावतीच्या टपालाने पाठवा. "साहेबांना भेटून सांगितले" याला पुराव्यात शून्य किंमत.

## टप्पा ३: हिशेब स्वतः मांडा

ही पायरी लोक टाळतात आणि थेट "अन्यायकारक बिल रद्द करा" असा अर्ज देतात. अन्याय किती रुपयांचा, हे सांगता आले पाहिजे. वहीत महिनावार तक्ता करा: रीडिंग, युनिट, मीटरची स्थिती (चालू, लॉक, फॉल्टी), लावलेला दरवर्ग, भरलेली रक्कम. सीपीएलवरून हे एका संध्याकाळी होते.

मग वाद खालीलपैकी कोणता ते बघा.

मीटर सदोष. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या वीजपुरवठा संहितेनुसार मीटर सदोष निघाला तर चाचणीच्या निकालाप्रमाणे बिल दुरुस्त होते, पण वाद उद्भवला त्या महिन्याआधीचे जास्तीत जास्त तीन महिनेच. सोबत चाचणी अहवाल द्यावा लागतो. अहवाल न देता दोन वर्षांचे मागितले असेल तर तुमचा मुद्दा भक्कम आहे.

एक फेज गायब. थ्री फेज जोडणीत एका फेजचा प्रवाह किंवा दाब मीटरपर्यंत पोचत नव्हता, असे सांगून मोठी वसुली काढतात. याचे गणित समजून घ्या. तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर मीटर दोन तृतीयांशच वापर नोंदवतो. समजा महिन्याला २,००० युनिट नोंदले गेले. कंपनी म्हणणार खरा वापर ३,०००, महिन्याला १,००० युनिट बुडाले. चोवीस महिन्यांचे २४,००० युनिट. उदाहरणापुरता ८ रुपये दर धरला तर १,९२,००० रुपये. हेच तीन महिन्यांचे धरले तर २४,००० रुपये. एवढा फरक 'मीटर सदोष' आणि 'मीटर ठीक, जोडणी सैल' या दोन वर्णनांमधला आहे. त्यामुळे कंपनी दुसरे वर्णन लावते आणि ग्राहक पहिले. मंचांचे आणि लोकपालांचे आदेश दोन्ही बाजूंनी सापडतात, तेव्हा याच एका मुद्द्यावर सगळे लावू नका. आणखी दोन गोष्टी तपासा:

- एमआरआय डेटात फेज नेमकी कधी गेली याची तारीख आणि वेळ असते. कंपनी चोवीस महिने म्हणत असेल आणि नोंद सात महिन्यांची असेल, तर बाकीचे सतरा तिथेच गळतात. फेज मधूनमधून परत येत असेल तर तेही दिसते.
- गेलेल्या फेजवर खरोखर किती भार होता? तुमच्याकडे एका फेजवर फक्त दिवे-पंखे आणि मोठी वेल्डिंग यंत्रे इतर दोन फेजवर असतील, तर सरसकट एक तृतीयांश धरणे चूक आहे. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून भाराची विभागणी लिहून घ्या. हा एक कागद फार थोडे लोक जोडतात.

दरवर्ग बदलला. औद्योगिक जोडणी अचानक व्यावसायिक ठरवून मागच्या तारखेपासून फरक मागतात. दरवर्गातली चूक ज्या दिवशी उघड झाली त्या दिवसापासूनच फरक घेता येतो, असा अपीलीय विद्युत न्यायाधिकरणाचा ७ ऑगस्ट २०१४ चा निर्णय आहे. राज्य आयोगानेही २००३ मध्येच मागच्या तारखेच्या पुनर्वर्गीकरणाला नकार दिलेला आहे. दोन्ही आधार अर्जात लिहा. पण पुढच्या काळासाठी तुमचा वर्ग कोणता, हा वाद वेगळा ठेवा. त्यासाठी चालू दर आदेशातली त्या वर्गाची यादी काढा आणि तुमच्या कामाचे नाव त्यात शोधा. पीठगिरणी औद्योगिक वर्गात येते. शेजारी मसाल्याच्या विक्रीचा काउंटर टाकला असेल तर प्रश्न निघणारच.

दोन वर्षांपेक्षा जुनी मागणी. कलम ५६(२) म्हणते की रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही, जर ती बिलात सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल. "म्हणजे बिल आपोआप रद्द" असा अर्थ लोक काढतात. तसे नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने मार्च २०१९ मध्ये ठरवले की पहिल्या मागणीच्या तारखेपासून मागे दोन वर्षांपलीकडच्या वापराचे पैसे मागता येत नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अजमेर विद्युत वितरण निगमच्या प्रकरणात म्हटले की चूक उशिरा सापडली तर पुरवणी मागणी करता येते, मात्र मुदत उलटलेल्या रकमेसाठी वीज तोडता येत नाही. कंपनी दुसरा निर्णय पुढे करणार हे धरून चाला.

तक्त्याच्या शेवटी एक आकडा काढा: तुमच्या मते जास्तीत जास्त किती देणे लागते. शून्य असेल तर शून्य. पण शून्य नसताना शून्य म्हणणारा अर्जदार मंचाला आवडत नाही.

## टप्पा ४: वीज चालू ठेवा

वाद तुमच्या बाजूने असला तरी शटर बंद पडले तर तडजोड तुम्हीच मागाल. म्हणून तक्रारीआधी ही पायरी.

१. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी कलम ५६(१) नुसार पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. नोटिशीची तारीख आणि ती हातात पडली ती तारीख, दोन्ही लिहून ठेवा. मोबाइलवर आली असेल तर स्क्रीनशॉट जपा. ती दुर्लक्षिण्यासारखी समजू नका.

२. त्याच कलमात ग्राहकाची ढाल आहे. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने निघणारा दरमहाचा आकार, यांपैकी जी कमी ती विरोध नोंदवून भरली तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.

३. चालू महिन्याचे बिल दर महिन्याला भरत राहा. फरकाचा वाद आहे म्हणून चालू बिल थांबवणे ही चूक वर्षानुवर्षे तशीच चालू आहे. मंचाचे पहिले वाक्य असते, "चालू बिले भरली आहेत का?"

४. काउंटरवर अपुरी रक्कम घेत नाहीत, हे खरे आहे. उपविभागाकडून अंशतः भरण्याची लेखी मंजुरी घ्या. ती देत नसतील तर डिमांड ड्राफ्ट पत्रासोबत आवक विभागात द्या. पत्राचा मजकूर असा चालेल:

"ग्राहक क्रमांक …, दिनांक … च्या बिलातील रु. … ही फरकाची रक्कम मला मान्य नाही. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६(१) मधील परंतुकानुसार रु. … विरोध नोंदवून, माझे सर्व हक्क राखून भरत आहे. वादाचा निकाल लागेपर्यंत वीजपुरवठा खंडित करू नये."

> सावध: "हप्ते करून द्या" असा साधा अर्ज देऊ नका. रक्कम मान्य असल्याची ती कबुली म्हणून वाचली जाते. हप्ते हवेच असतील तर "हक्क राखून" हे शब्द त्यात हवेत. अभय योजनेत जाण्याआधीही अटी पूर्ण वाचा, कारण सवलतीच्या बदल्यात वाद सोडून द्यावा लागू शकतो.

## टप्पा ५: कंपनीकडे लेखी तक्रार

थेट मंचाकडे पळण्याआधी कंपनीला एक नीट तक्रार गेलेली असावी. दोन पाने पुरतात. पहिल्या पानावर ग्राहक क्रमांक, मंजूर भार, दरवर्ग, वादाचे बिल आणि रक्कम. दुसऱ्यावर मुद्दे, प्रत्येकासमोर जोडपत्राचा क्रमांक. शेवटी स्पष्ट मागणी: किती रक्कम रद्द, किती परत, कोणते व्याज आणि दंड काढायचे. जास्त वसूल झालेली रक्कम बँक दराने व्याजासह परत मिळण्याची तरतूद कलम ६२(६) मध्ये आहे. मागितली नाही तर कोणी आपणहून देत नाही.

एक प्रत उपविभागाला, एक मंडळ कार्यालयाला. उत्तराची वाट अनंत बघू नका. मंचाकडे जाण्याची मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे, आणि "साहेब बघतो म्हणाले" यात दीड वर्ष गेलेली माणसे प्रत्येक एमआयडीसीत भेटतात.

## टप्पा ६: ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच

मंचाची सध्याची नियमावली २०२० ची. अर्ज तिच्यातल्या ठरलेल्या नमुन्यात करायचा असतो. वकील लावावा लागत नाही. स्वतः बोला किंवा माहितगार प्रतिनिधी पाठवा. त्याला अधिकारपत्र द्या.

१. अर्जातच लिहा की हे प्रकरण कलम १२६ किंवा १३५ चे नाही आणि इतर कोणत्याही न्यायालयात प्रलंबित नाही. या दोन कारणांवर अर्ज दारातच फेटाळला जातो.

२. वीज तोडण्याची नोटीस हातात असेल तर अंतरिम आदेशाची मागणी वेगळ्या परिच्छेदात, ठळक लिहा. सोबत टप्पा ४ मधली भरणा पावती जोडा. पावती नसलेल्याला अंतरिम दिलासा मिळणे कठीण.

३. कंपनीचे लेखी उत्तर सुनावणीआधी मागून घ्या. त्यातले महिने तुमच्या तक्त्याशी जुळवा. चूक बहुधा तारखांत सापडते.

४. सुनावणीत इतिहास सांगू नका. तीन मुद्दे, तीन कागद. कंपनीचे अधिकारी बहुतेक वेळा नव्याने बदलून आलेले असतात आणि फाइल तुमच्याइतकी त्यांनी वाचलेली नसते. तुमचा तक्ता टेबलावर असेल तर चर्चा त्यावरच होते.

मंचाने साधारण ६० दिवसांत निकाल द्यायचा असतो.

> तपासा: आदेश तुमच्या बाजूने लागला तर "बिल दुरुस्त करावे" एवढेच लिहिले आहे की किती महिन्यांसाठी, कोणत्या दराने आणि कोणत्या तारखेपर्यंत तेही? मोघम आदेशाची अंमलबजावणी मोघमच होते. म्हणून मागणीच नेमकी लिहायची.

## टप्पा ७: लोकपाल आणि पुढे

मंचाचा आदेश पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येते. कार्यालये मुंबई आणि नागपूर इथे आहेत. तुमचे कोणते, हे मंचाच्या कार्यालयातून आधीच विचारून घ्या. अर्जासोबत अनामत भरावी लागते, तिची रक्कमही तेव्हाच विचारा. मंचासमोर न दिलेला कागद इथे पहिल्यांदा काढला की तो आधी का दिला नाही, हा प्रश्न येतो. लोकपालाच्या आदेशानंतर उरते ती उच्च न्यायालयातली रिट याचिका. लाख-दोन लाखांसाठी तिथे जाण्याआधी वकिलाचा खर्च कागदावर मांडा.

कंपनीने तुमच्या बाजूचा आदेश पाळला नाही तर नव्याने वाद घालत बसू नका. आदेशाची प्रत जोडून मुदतीचे पत्र द्या, आणि मग राज्य वीज नियामक आयोगाकडे कलम १४२ खाली अर्ज करा. प्रत्येक उल्लंघनाला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अनेकदा नुसते त्या कलमाचे नाव असलेले पत्र गेले की पुढच्याच बिलात दुरुस्ती दिसते. ती दिसली की रक्कम आदेशाशी ताडून बघा, व्याज आणि विलंब आकारही वजा झाले आहेत ना ते पाहा, आणि थकबाकी शून्य असल्याचे पत्र उपविभागाकडून शिक्क्यासह घेऊन फाइलला लावा. पुढे जागा विकताना किंवा जोडणीचे नाव बदलताना तोच कागद मागतात.